विद्यापीठांची ईर्षा आणि आपण : कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की प्रश्नांची एक लाट येते आणि युवा महोत्सवाच्या तारखा लागल्या की दुसरी. पहिल्या लाटेत पालक विचारतात, 'कुठलं विद्यापीठ भारी?' दुसऱ्या लाटेत पोरं विचारतात, 'त्यांना हाणायचं कसं?' दोन्हींतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. एकाचं उत्तर दुसरीकडे येऊन गेलं असेल, तर फक्त क्रमांक दिलाय.

१. कोल्हापुरात विद्यापीठं आहेत तरी किती? आम्हाला एकच माहीत होतं.

ते एक म्हणजे शिवाजी विद्यापीठ. १८ नोव्हेंबर १९६२ ला राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं आणि डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले. आज कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. त्याशिवाय कसबा बावड्याचं डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठ (२००५), अतिग्रेचं संजय घोडावत विद्यापीठ (२०१७) आणि तळसंद्याचं डी. वाय. पाटील कृषी व तंत्र विद्यापीठ (२०२१) आहेत.

शिवाय मुख्यालय बाहेर, पण विद्यार्थी इथले, अशीही विद्यापीठं आहेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं, कृषी महाविद्यालय राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं, काही अभियांत्रिकी महाविद्यालयं लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाची. मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं वेगळीच. राजारामपुरीतल्या एकाच बोळात चार विद्यापीठांची पोरं भाड्यानं राहतात, ती अशी.

२. माझं कॉलेज स्वायत्त आहे. मग मी शिवाजी विद्यापीठाचा की कॉलेजचाच?

दोन्हीचा. स्वायत्त महाविद्यालय अभ्यासक्रम स्वतः ठरवतं आणि परीक्षाही स्वतः घेतं, पण पदवी विद्यापीठाचीच मिळते. विवेकानंद कॉलेज हे त्याचं ओळखीचं उदाहरण. त्यामुळे आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरलात तर शिवाजी विद्यापीठाच्याच संघातून उतरता. अभिमत आणि खासगी विद्यापीठांचं असं नसतं, त्यासाठी प्रश्न ९ पहा.

३. खरं सांगू का, आमची खुन्नस शेजारच्या कॉलेजशी. दुसऱ्या विद्यापीठाचं आम्हाला काहीच वाटत नाही. यात काही चुकतंय का?

काहीच चुकत नाही. आपल्याकडच्या विद्यापीठाची घडणच तशी आहे. परदेशी मालिकांत दिसतं तसं एकाच आवारात राहणारं, एकच गाणं म्हणणारं विद्यापीठ आपल्या वाट्याला क्वचित येतं. विद्यानगरात ८५३ एकरांचा परिसर आहे खरा, पण तिथल्या अधिविभागांत शिकणारे मोजके. गारगोटीच्या किंवा जतच्या मुलासाठी विद्यापीठ म्हणजे परीक्षेचा अर्ज, हॉल तिकीट आणि गुणपत्रिकेवरचं बोधचिन्ह. 'ज्ञानमेवामृतम्' हे ब्रीदवाक्य त्यानं बहुधा त्या गुणपत्रिकेवरच पहिल्यांदा वाचलेलं असतं. कॉलेज मात्र रोजचं. कट्टा तिथला, सर तिथले, जिमखाना तिथला. माणूस रोजच्या जागेसाठी भांडतो.

त्यात आपण कोल्हापूरकर. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींचे फुटबॉल संघ समोरासमोर आले की पेठांत काय वातावरण असतं, ते लहानपणापासून बघत मोठे झालेलो. तालमीची निष्ठा आधी शिकलो, कॉलेजची नंतर. विद्यापीठाची निष्ठा शिकायची वेळ आलीच, तर ती अंगावर विद्यापीठाचा टी-शर्ट आल्यावर येते.

ती येते कशी, हे युवा महोत्सवात बघावं. आधी जिल्हास्तरीय महोत्सव होतो. तिथे न्यू कॉलेज, शहाजी कॉलेज, महावीर, गोखले, कमला सगळे एकमेकांच्या उरावर. मग मध्यवर्ती महोत्सवात सांगली-सातारा येतात आणि काल एकमेकांविरुद्ध बोंबलणारे कोल्हापूरचे संघ विंगेत उभं राहून एकमेकांना टाळ्या देतात. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तीच मुलं एका बसमध्ये बसून राज्याच्या महोत्सवाला निघतात. लोकनृत्यात कराडची मुलगी, ढोलकीवर इचलकरंजीचा मुलगा, मूकनाट्यात वाळव्याचा. दोन आठवडे एकत्र तालीम झाली की मुंबई-पुण्याच्या संघाला बघून सगळ्यांच्या अंगात एकच वारं येतं. आमच्या मते विद्यापीठावरचं प्रेम म्हणतात ते एवढंच आणि ते पुरेसं खरं आहे. गुणपत्रिकेवरून कुणाला उचंबळून आलेलं पाहण्यात नाही.

४. पुणे विद्यापीठाशी आपलं वैर कधीपासूनचं?

वैर म्हणणं जरा जास्त होतं. आपण आधी त्यांच्यातच होतो. राजाराम कॉलेज १८८० चं. तेव्हा आसपास मुंबई विद्यापीठाशिवाय (१८५७) पर्याय नव्हता, म्हणून ते मुंबईला जोडलेलं. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाल्यावर इकडची कॉलेजं पुण्याला जोडली गेली. दक्षिण महाराष्ट्राचं स्वतंत्र विद्यापीठ हवं, ही मागणी त्यानंतरची. खेड्यातल्या पोराला प्रत्येक कागदासाठी पुण्याला हेलपाटा घालावा लागू नये, हा त्यातला साधा आणि पटण्यासारखा मुद्दा होता. १९६२ मध्ये ती मागणी पूर्ण झाली.

आज पुण्याबद्दल जे वाटतं त्यात विद्यापीठापेक्षा शहराचा भाग मोठा आहे. स्पर्धा परीक्षेचे क्लास तिथे, कंपन्या तिथे, नाटकाचे करंडक तिथे. 'पुण्याची डिग्री' म्हणताना पालकांच्या डोळ्यासमोर हिंजवडी असते, गणेशखिंडीतली ती दगडी इमारत नव्हे. त्यामुळे फक्त नावासाठी पुण्याला जावं का, या प्रश्नावर आमचं उत्तर ठरलेलं आहे: तुमच्या विषयाचा विभाग बघा. कोण शिकवतं, प्रयोगशाळा चालू असते का, मागच्या दोन वर्षांतली मुलं कुठे गेली. हे विचारल्यावर काही विषयांत पुणं वर येतं, काहींत कोल्हापूर. खोलीचं भाडं आणि मेसचा खर्चही याच हिशेबात धरा.

५. सोलापूरवाले आपले की परके?

२००४ पर्यंत आपले. सुरुवातीला शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात सोलापूर आणि रत्नागिरीही होतं. रत्नागिरी पुढे मुंबईकडे गेलं आणि १ ऑगस्ट २००४ ला एका जिल्ह्यापुरतं सोलापूर विद्यापीठ झालं, आजचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. म्हणजे ज्यांच्या वडिलांनी शिवाजीच्या संघातून कबड्डी खेळली, त्यांची मुलं आता शिवाजीविरुद्ध पकड करतात. साताऱ्यातही २०२१ पासून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ उभं राहिलंय. सीमा अशा हलत राहतात, म्हणून 'ते आणि आपण' याच्यावर फार रक्त आटवू नका.

६. विद्यापीठं एकमेकांसमोर येतात ते नेमकं कुठे?

राज्य पातळीवर तीन नावं लक्षात ठेवा: खेळांसाठी अश्वमेध, कलांसाठी इंद्रधनुष्य (२००३ पासून), संशोधनासाठी आविष्कार. देशपातळीवर भारतीय विद्यापीठ संघ, म्हणजे एआययू, विभागवार आणि अखिल भारतीय स्पर्धा भरवतो. आपण पश्चिम विभागात. खेळात वर्षभर सगळ्यात चांगली कामगिरी करणाऱ्या विद्यापीठाला मौलाना अबुल कलाम आझाद करंडक मिळतो. २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धाही आहेत. एआययूचा राष्ट्रीय युवा महोत्सव २०१७ मध्ये 'शिवोत्सव' नावानं आपल्याच विद्यानगरात झाला होता. तेव्हा ईशान्येकडच्या पोरांनी पांढरा रस्सा ओरपताना काढलेले फोटो अजून काहींच्या फोनमध्ये असतील.

७. विद्यापीठाच्या संघात निवड कशी होते? ओळख लागते का?

आधी कॉलेजचा संघ, मग झोनल, मग इंटरझोनल. तिथून निवडलेल्यांची चाचणी आणि शिबिर, आणि शेवटी विद्यापीठाचा कलर, म्हणजे विद्यापीठाच्या संघात जागा. सांस्कृतिककडे जिल्हा आणि मध्यवर्ती महोत्सवातून निवड होते. नोंद कॉलेजमार्फतच होते, विद्यार्थ्यानं थेट विद्यापीठात अर्ज केला तर चालत नाही. त्यामुळे जून-जुलैतच जिमखान्यात किंवा सांस्कृतिक विभागाच्या सरांकडे नाव द्या. निम्मी पोरं इथेच बाद होतात, खेळात नव्हे.

ओळखीबद्दल: तक्रारी येतात, त्यातल्या काहींत तथ्यही असेल. त्यावर एकच उपाय दिसतो. इंटरझोनलची धावफलकाची प्रत, वेळेची नोंद, चाचणीचा व्हिडिओ असं काहीतरी जवळ ठेवा. 'माझ्यावर अन्याय झाला' याला उत्तर देणं सोपं असतं, 'माझी वेळ अमुक होती, निवडलेल्याची तमुक' याला देणं अवघड जातं.

८. घोषणा, हलगी, मीम: कुठवर चालतं?

हलगी-घुमकं-कैताळ घेऊन गेलात तर कुणी अडवणार नाही, उलट बाहेरची विद्यापीठं वाट बघतात. अडचण घोषणांची होते आणि दरवर्षी एकाच जागी होते. स्वतःच्या नावानं ओरडायचं संपतं आणि समोरच्याच्या गावावर, बोलीवर, रंगावर किंवा संघातल्या मुलींवर सुरू होतं. मराठवाड्याच्या पोरांच्या बोलण्याची नक्कल करणाऱ्यांना पुण्यात कुणी आपल्या 'काय करालाईस'ची नक्कल केली की लगेच राग येतो, हेही पाहिलंय.

रंगमंचाच्या स्पर्धेत याचा थेट तोटा होतो. समोरच्याचा प्रयोग चालू असताना हुल्लड केली की आयोजक संघावर कारवाई करू शकतात आणि परीक्षक कागदावर नाही तरी मनात नोंद करतातच. मैदानावर पंच खेळ थांबवतात. शोभायात्रेत मात्र मोकळीक असते, तिथे हौस भागवून घ्या.

मीमचं प्रकरण वेगळं आहे. घोषणा हवेत विरते, मीम स्क्रीनशॉटमध्ये राहतं. दुसऱ्या विद्यापीठाच्या कारभारावर, निकालाच्या उशिरावर, मेसच्या आमटीवर कितीही करा. एखाद्या मुलीचा किंवा खेळाडूचा फोटो उचलून केलंत, तर ती थट्टा राहत नाही, पोलिसांत जाण्याजोगी तक्रार होते. तिथे पेज चालवणाऱ्यासोबत शेअर करणाराही अडकू शकतो. 'आमचं पेज कॉलेजचं अधिकृत नाही' हे सांगून सुटका होत नाही.

९. माझा सख्खा भाऊ अतिग्रेला, मी शहाजीला. तो आमच्या युवा महोत्सवात उतरू शकतो का?

नाही. खासगी आणि अभिमत विद्यापीठ म्हणजे स्वतंत्र विद्यापीठ. त्याचे विद्यार्थी शिवाजीच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत नसतात, ते स्वतःचा संघ घेऊन थेट एआययूच्या स्पर्धेत येतात. म्हणजे एकाच घरात जेवून दोन संघांतून खेळायची वेळ येऊ शकते. आईनं कुणाला ओवाळायचं, हा प्रश्न आमच्या कक्षेबाहेरचा.

१०. 'आपल्याला ए प्लस प्लस आहे' असं सगळे सांगतात. मग आपण राज्यात पहिले का?

नॅकची, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व मान्यता परिषदेची, श्रेणी आणि क्रमवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची निम्मी भांडणं त्यांच्या मिसळीतून होतात. नॅक संस्थेला स्वतःच्या निकषांवर तपासतं. २०२१ मध्ये शिवाजी विद्यापीठाला ३.५२ गुणांसह ए प्लस प्लस मिळालं. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाला ३.६५ गुणांसह तीच श्रेणी मिळाली. दोघेही पहिल्या वर्गात पास झाले, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय ती श्रेणी विद्यापीठाची आहे. तुमच्या कॉलेजची नॅक श्रेणी वेगळी असते आणि प्रवेश घेताना ती पाहायला लोक विसरतात.

क्रमवारी लावतं ते एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची यादी, पहिली २०१६ ची. त्यात पाच निकष आहेत: अध्यापन व साधनसामग्री, संशोधन, पदवीनंतरचं फलित, समावेशकता आणि लोकांच्या मनातली प्रतिमा. शेवटच्या निकषाला दहा टक्के वजन आहे. म्हणजे ज्याचं नाव मोठं, त्याला नावाचेच गुण मिळतात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या विद्यापीठाला तिथे चढ चढावाच लागतो.

आमचं मत विचाराल तर श्रेणी आणि क्रमवारी ही प्रशासनांची स्पर्धा आहे. तिच्यात विद्यार्थी आकडा म्हणून असतो, खेळाडू म्हणून नाही. फ्लेक्सवर ती मोठ्या अक्षरात येते, तुमच्या वर्गात प्राध्यापकाची जागा रिकामी आहे हे येत नाही. या स्पर्धेत घोषणा देण्यापेक्षा तोच फ्लेक्स दाखवून जागा कधी भरणार, हे विचारलेलं बरं. सिनेटमध्ये, म्हणजे अधिसभेत, नोंदणीकृत पदवीधरांचे निवडून आलेले प्रतिनिधी असतात. प्रश्न त्यांच्यामार्फत मांडता येतो. पदवी झाली की स्वतःची मतदार नोंदणी करा, बहुतेक जण करत नाहीत.

११. आमचं इंजिनिअरिंग कॉलेज शिवाजीतून लोणेरेला गेलं. आता आमचं काय?

यातच विद्यापीठांची स्पर्धा विद्यार्थ्याच्या अंगावर येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ रायगड जिल्ह्यात लोणेरेला आहे. २०१४ च्या कायद्यानं त्याला राज्यभरातली महाविद्यालयं संलग्न करून घेता येऊ लागली. त्यानंतर आपल्या भागातल्याही काही संस्था तिकडे वळल्या. संस्थांची कारणं असतात: वेळापत्रक, निकाल, अभ्यासक्रम. तो निर्णय तुम्हाला विचारून होत नाही, हेही तितकंच खरं.

साधारणपणे नवीन संलग्नता नव्या प्रथम वर्षापासून लागू होते आणि आधीच्या तुकड्या जुन्या विद्यापीठातून पूर्ण होतात. धोका असतो तो मागे राहिलेल्यांना: विषय राहिलेले, वर्ष गेलेले, डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला आलेले. तुम्ही यात असाल तर तीन गोष्टी कॉलेजकडून लेखी घ्या: पदवी कुणाची मिळणार, राहिलेल्या विषयाची परीक्षा कुठे आणि किती संधी, आणि जुने क्रेडिट मोजले जाणार का. तोंडी 'होतंय बघू' चालवून घेऊ नका.

खेळाडूंसाठी: ज्या विद्यापीठात तुमची त्या वर्षाची नोंदणी, त्याच्याच संघातून खेळायचं. एकाच वर्गात वर्षामागे-पुढे असलेले दोघं त्यामुळे वेगवेगळ्या विद्यापीठांचे असू शकतात.

१२. यूजीसीनं एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिलीय. मग मी दोन्ही विद्यापीठांकडून खेळू का?

२०२२ पासून दोन पदव्या करता येतात, दोन जर्सी नाही. एका शैक्षणिक वर्षात एकाच विद्यापीठाचं प्रतिनिधित्व करता येतं. लपवून दोन्हीकडे नाव दिलंत तर पात्रता तपासताना सापडता आणि संघाचं पदकही जाऊ शकतं.

१३. मी बेळगावची. राणी चन्नम्माला प्रवेश घ्यावा की कोल्हापूरला? इथे परकं वाटेल का?

परकं वाटणार नाही, मेसमध्ये निम्म्या टेबलांवर निपाणी-बेळगाव-खानापूरच भेटेल. २०१० मध्ये बेळगावात राणी चन्नम्मा विद्यापीठ झाल्यानं घराजवळची सोय झाली. मराठी माध्यमातून पुढे शिकायचं असेल तर कोल्हापूर सोयीचं. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषकांसाठी महाराष्ट्र शासनाच्या शैक्षणिक सवलती आहेत. त्या घ्यायच्या तर गाव त्या यादीत असल्याचा दाखला आधी काढा, प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ नको. इथे प्रवेश घेतलात की संघ शिवाजीचा, गाव कुठलंही असो.

१४. खाशाबा जाधव नेमके कुठल्या विद्यापीठाचे? आमच्या ग्रुपवर दोन दिवस वाद चाललाय.

वाद मिटवा. ते राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, तेव्हा शिवाजी विद्यापीठ जन्मालाही आलं नव्हतं. त्या दौऱ्याला पैसे कमी पडले, तेव्हा राजारामचे प्राचार्य राहिलेल्या बॅ. बाळासाहेब खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आज शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला खर्डेकरांचंच नाव आहे. तेव्हा मान राजारामला द्या आणि ग्रुप म्यूट करा.

१५. परीक्षक त्यांचेच होते, आम्हाला मुद्दाम हरवलं. तक्रार कुठे करायची?

हरकत विद्यार्थ्यानं नव्हे, संघव्यवस्थापकानं द्यायची. लेखी, नियमपुस्तिकेत दिलेल्या वेळेत, शुल्क असेल तर ते भरून. निकालानंतर दोन दिवसांनी फेसबुकवर लिहिलेलं म्हणजे हरकत नव्हे. पात्रता, वेळमर्यादा, कलाकारांची संख्या अशा मोजता येणाऱ्या गोष्टींवरची हरकत टिकते. 'आमचं जास्त रंगलं होतं' ही टिकत नाही. परीक्षकांची मर्जी न समजणं हे नाट्यवाल्यांना नवीन नाही: २०२२ मध्ये पुण्याच्या एकांकिका स्पर्धेतला पुरुषोत्तम करंडक कुणालाच दिला नव्हता, पुण्याच्या कॉलेजांनाही.

१६. एम.ए.साठी दुसऱ्या विद्यापीठात जायचंय. कॉलेज म्हणतं, 'आपलं सोडून तिकडे कशाला?' आणि कागद देत नाही.

समजूत काढणं त्यांचा हक्क, कागद अडवणं नाही. मूळ प्रमाणपत्रं महाविद्यालयानं ठेवून घेऊ नयेत, पडताळून परत द्यावीत, असं यूजीसीनं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. शुल्क परतावाही त्याच अधिसूचनेत आहे. कॉलेज सोडल्याचा दाखला कॉलेजकडून आणि मायग्रेशन, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जाण्यासाठीचं प्रमाणपत्र, विद्यापीठाकडून घ्यायचं. दोन्हीसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नव्या विद्यापीठात तात्पुरता प्रवेश मिळतो, पण पात्रता अर्ज मायग्रेशनशिवाय अडकतो आणि त्याचा फटका थेट परीक्षेच्या अर्जाला बसतो.

१७. विद्यापीठाचा ट्रॅकसूट परत द्यावा लागतो का?

ज्यावर सही करून घेतलात ते सगळं परत. बाकी विचारून ठेवा. भाड्याची वेशभूषा, फेटे आणि हलगी मात्र बसमधून उतरतानाच मोजून द्या, कारण नंतर कैताळाचा एक तुकडा कुणाच्या बॅगेत गेला, हे शोधताना पुढचा महोत्सव येतो.